उत्तर दाराशी ठेवून केलेला प्रवास : एका कालयात्रा-वर्गाचे प्रकरण

थोर व्यक्तींच्या चरित्रांतून मुलांनी जगण्यासाठी काही घ्यावे ही अपेक्षा फार जुनी आहे, आणि त्यासाठी मुलांना कल्पनेने भूतकाळात नेऊन त्या व्यक्तीसमोर उभे करण्याची युक्तीही शिक्षक हौसेने वापरतात. या कालयात्रेत मुले रमतात, याबद्दल दुमत नाही. ती रमतात म्हणजे शिकतात असे मात्र नाही, आणि प्रस्तुत प्रकरण नेमके या दोहोंमधील अंतराचे आहे. एकाच इयत्तेच्या दोन तुकड्यांनी, बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी, एकाच शिक्षिकेबरोबर एकाच ठिकाणी आणि एकाच काळात प्रवास केला. ते ठिकाण म्हणजे व्हिएन्नाचे मोठे सार्वजनिक रुग्णालय, काळ १८४७ आणि भेटायची व्यक्ती डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस. पहिल्या तुकडीचा प्रवास फसला. दुसऱ्या तुकडीसाठी एक नियम बदलला आणि प्रवासाचे स्वरूपच पालटले. दोन्ही वेळा निरीक्षक म्हणून वर्गात बसण्याची संधी मिळाल्याने हे टिपण लिहिता आले.

ही व्यक्ती का

कालयात्रेसाठी सहसा विजयी माणसे निवडली जातात. अडचणी आल्या, त्यांनी जिद्द सोडली नाही आणि अखेर जगाने त्यांना मानले, असा या चरित्रांचा आलेख असतो. त्यामुळे धडा आधीच छापून तयार असतो आणि मुलांना तो फक्त उचलायचा असतो. शिक्षिकेला असा तयार धडा नको होता. सेमेलवाइस यांचे म्हणणे बरोबर होते, त्यांच्याकडे आकडे होते, त्यांच्या उपायाने प्राण वाचले, आणि तरीही हयातीत त्यांचे म्हणणे बहुतेकांनी मानले नाही. ‘खरे बोला म्हणजे जिंकाल’ हे या आयुष्यातून काढता येत नाही. मग काय काढता येते, हे शिक्षिकेलाही आधी सांगता आले नसते, आणि निवडीमागचे खरे कारण तेच होते.

घटनाक्रम असा. व्हिएन्नाच्या त्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. १८४०च्या सुमारास झालेल्या वाटणीनुसार पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, तर दुसऱ्यात सुईणी आणि सुईणपण शिकणाऱ्या स्त्रिया. कोणत्या दिवशी कोणत्या विभागात भरती करायची हे वारांनुसार ठरलेले असल्याने रुग्णांची निवड करण्यास फारसा वाव नव्हता. तरीही बाळंतज्वराने होणाऱ्या मृत्यूंत दोन विभागांमध्ये मोठी तफावत होती. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांमागे ४५९ स्त्रिया दगावल्या, तर दुसऱ्यात ३,७५४ मागे १०५. ही गोष्ट शहरात सर्वांना ठाऊक होती आणि पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून स्त्रिया गयावया करीत. सेमेलवाइस त्याच वर्षी या पहिल्या विभागात सहायक म्हणून काम करू लागले होते.

पहिला प्रवास

शिक्षिका स्वतः सेमेलवाइस झाल्या. शिक्षकाने भूमिकेत शिरून वर्ग चालवण्याची ही पद्धत नाट्यशिक्षणात रुळलेली आहे आणि ब्रिटिश नाट्यशिक्षिका डोरोथी हीथकोट यांनी तिला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. वर्गातील बाके सरकवून वॉर्ड तयार झाला होता, फळ्यावर वर्ष लिहिले होते, मुले कल्पनेच्या यंत्रातून उतरली आणि डॉक्टरांनी आपली अडचण सांगितली: माझ्या विभागातल्या आया मरत आहेत आणि मला कारण सापडत नाही.

वाक्य पुरते संपण्याआधीच मागच्या बाकावरून आवाज आला, “डॉक्टर, जंतू! हात धुवा, साबणाने!” त्यावर इतरांनी भर घातली. सूक्ष्मदर्शक आणा, हातमोजे घाला, प्रतिजैविके द्या. एका मुलाने तर आपण भविष्यातून औषध घेऊन आलो आहोत असे जाहीर करून कंपासपेटी पुढे केली. दहा मिनिटांत प्रश्न सुटला, वर्गात टाळ्या पडल्या आणि उरलेला वेळ जुन्या डॉक्टरांच्या अज्ञानावर हसण्यात गेला. शेवटी ‘या भेटीतून मी काय शिकलो’ यावर मुलांनी लिहिले तेव्हा बहुतेक कागदांवर दोनच गोष्टी होत्या: स्वच्छता पाळावी, आणि सत्याचा नेहमी विजय होतो. यातील पहिली गोष्ट मुलांना बालवाडीपासून माहीत होती. दुसरी ज्या माणसाला ती भेटून आली त्याच्याच आयुष्याने खोटी ठरवलेली होती.

वर्ग आनंदी होता, म्हणून हा प्रवास फसला असे म्हणणे कोणाला कठोर वाटेल. पण मुले गेली ती परीक्षक म्हणून, आणि परीक्षकाला समोरच्याकडून शिकण्यासारखे काही उरत नाही. निकाल ठाऊक असलेल्या माणसाला तो निकाल आधीपासूनच उघड होता असे वाटू लागते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १८१४च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकीकत लोकांना वाचायला देऊन १९७५ मध्ये हे दाखवून दिले होते. ज्यांना शेवट सांगितला गेला त्यांना तोच शेवट अधिक संभाव्य वाटला, आणि शेवट माहीत नसता तरी आपण तसेच म्हटले असते अशी त्यांची समजूत होती. प्रौढांची ही गत, तर मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीमुळे कालयात्रा मोहक वाटते, म्हणजे पुढचे सगळे माहीत असताना मागे जाणे, तीच तिच्यातून शिकण्याची वाट अडवते.

बदललेला नियम

दुसऱ्या तुकडीला यंत्रात बसण्याआधी सांगण्यात आले की १८४७च्या वसंतानंतर जगाला जे कळले ते सारे दाराशी ठेवायचे आहे. माहीत असलेले विसरता येत नाही, हे उघड आहे; म्हणून विसरण्याची अट नव्हती, वापरण्यास बंदी होती. वॉर्डात जे कागद ठेवलेले असतील त्यांपैकी एखाद्यावर बोट ठेवल्याशिवाय कोणतेही विधान करता येणार नव्हते. कागदांत दोन्ही विभागांचे मृत्यूंचे तक्ते, दोन्हींची दिनचर्या, भरतीचे वार आणि त्या काळचे डॉक्टर देत असलेली कारणे होती. मुले पाहुणी म्हणून नव्हे, तर नव्याने रुजू झालेले सहायक म्हणून जाणार होती, आणि पुढच्या महिन्यात विभागात कोणती एकच गोष्ट बदलायची हे त्यांना ठरवायचे होते. त्याच कागदावर, आपला अंदाज चुकला असेल तर काय दिसेल, हेही लिहायचे होते. या शेवटच्या अटीने वर्गाला सर्वांत जास्त घाम फोडला.

शिक्षिकेने एक बंधन स्वतःवरही घालून घेतले. भूमिकेत असताना सेमेलवाइस यांच्या तोंडी नोंदीत नसलेले काहीही घालायचे नाही. तसा प्रश्न आला तर ‘याचे उत्तर नोंदवहीत नाही’ एवढेच म्हणायचे. बोधकथेच्या ओघात थोरांच्या तोंडी हवी ती सुभाषिते घालण्याची आपली सवय पाहता ही शिस्त इतर कोणत्याही सजावटीपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा प्रवास

पहिला अंदाज गर्दीचा होता. एका मुलाने ठामपणे सांगितले की खाटा कमी करा, म्हणजे आजार कमी होईल. त्याच्याच गटातील मुलीने भरतीचा कागद पुढे सरकवला. पहिल्या विभागाची धास्ती घेतलेल्या स्त्रिया दुसरीकडे जाण्यासाठी धडपडत असल्याने गर्दी दुसऱ्या विभागातच अधिक होती. मुलगा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने आपले वाक्य खोडले. हवामानाचे कारण त्याहून लवकर पडले, कारण एकाच आवारातील दोन विभागांवर वेगवेगळे हवामान असू शकत नाही.

मग धर्मगुरूचा मुद्दा आला. मरणासन्न स्त्रीकडे जाणारा धर्मगुरू घंटा वाजवीत पहिल्या विभागातून जाई आणि त्या आवाजाच्या भीतीने इतर आजारी पडतात, असे एक कारण त्या काळी मांडले जात होते. मुले हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की हे चूक आहे हे तुम्ही कसे दाखवाल? थोड्या वेळाने एका गटाने सुचवले की घंटा बंद करून धर्मगुरूंना दुसऱ्या वाटेने आणावे आणि महिनाभर मोजावे. सेमेलवाइस यांनी प्रत्यक्षात हेच केले होते. फरक पडला नाही. बाळंतपणाच्या वेळी स्त्रीला कुशीवर निजवण्याची दुसऱ्या विभागातील रीतही त्यांनी उचलून पाहिली होती. तिनेही फरक पडला नाही. हास्यास्पद वाटणारी कल्पनासुद्धा हसून नव्हे तर तपासून बाजूला ठेवायची असते, हे मुलांना कोणी सांगितले नाही, पण घंटेनंतर वर्गात पुन्हा कोणी हसले नाही.

वर्गाचा नूर बदलला तो त्यानंतरच्या कागदाने. रुग्णालयात पोचण्याआधी वाटेतच बाळंत झालेल्या स्त्रियांना हा ज्वर क्वचितच होत असे, अशी नोंद त्यावर होती. एका मुलीने ती दोनदा वाचली आणि विचारले, “म्हणजे इथे आल्यामुळे त्या मरतात?” कोणी काही बोलले नाही. मग तिनेच दिनचर्येचे दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून वॉर्डात येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. “म्हणजे आपल्यामुळे?” ती म्हणाली. ‘त्यांच्यामुळे’ असे ती म्हणाली नाही. नियमानुसार ती तेथे सहायक होती, तिचे हातही त्या हातांत होते, आणि तिच्या स्वरात आरोप नव्हता, धसका होता.

याच ठिकाणी शिक्षिकेने याकोब कोलेत्श्का यांची हकीकत दिली. न्यायवैद्यकाचे हे प्राध्यापक सेमेलवाइस यांचे मित्र होते. मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते दगावले. त्यांच्या शरीरात आढळलेले बदल बाळंतज्वराने गेलेल्या स्त्रियांसारखेच होते. “डॉक्टर, तुम्हाला तेव्हा काय वाटले?” असा प्रश्न आला, आणि या वेळी नोंदवहीत उत्तर होते. मित्राच्या आजाराचे चित्र रात्रंदिवस आपल्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, असे सेमेलवाइस यांनी पुढे लिहून ठेवले आहे. आपल्या हातून किती स्त्रिया अकाली गेल्या हे देवच जाणे, अशी कबुलीही त्यांनी दिली आहे. कारण इतरांपेक्षा अधिक शवविच्छेदने ते स्वतः करीत असत.

मेच्या मध्यापासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण अठरा टक्क्यांवर गेले होते. जूनमध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपास आले. पुढच्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तेथे एकही मृत्यू झाला नाही. हा तक्ता उघडला तेव्हा वर्गात जल्लोष झाला. मागच्या तुकडीच्या टाळ्यांहून तो वेगळा होता, कारण या मुलांनी आपले चार अंदाज गमावून तो मिळवला होता.

जल्लोषानंतर

बहुतेक उपक्रम येथे थांबले असते. शिक्षिकेने मुलांचे कागद गोळा केले, अर्ध्या वर्गाला ज्येष्ठ डॉक्टरांच्या खुर्च्यांवर बसवले आणि सांगितले की आता या उपायाला नकार द्या. पण मूर्खासारखा नव्हे, तुमच्याकडे त्या काळी असलेल्या ज्ञानाच्या आधारे द्या.

या भागाने मला सर्वाधिक चकित केले. खुर्चीवर बसलेल्या एका मुलाने विचारले की प्रेताचे कण हाताला चिकटतात असे तुम्ही म्हणता, ते आम्हाला दाखवा. दुसऱ्याने म्हटले की मृत्यू पूर्वीही एखाद्या महिन्यात कमी झालेले आहेत. एका मुलीने तर शवविच्छेदनाचा काहीही संबंध नसलेल्या रुग्णालयांतही हा ज्वर होतो, त्याचे काय, असे विचारून समोरच्यांना निरुत्तर केले. हा आक्षेप खरोखरच घेतला गेला होता, आणि त्याचे उत्तरही सेमेलवाइस यांच्याकडे होते: ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाने स्राव होत असलेल्या एका रुग्णेची तपासणी करून तेच हात पुढच्या स्त्रियांना लागले आणि त्यांतील बहुतेक दगावल्या. तेव्हा त्यांनी आपला सिद्धान्त रुंदावला. संसर्ग केवळ प्रेतातून नव्हे, तर सडणाऱ्या कोणत्याही सेंद्रिय द्रव्यातून येऊ शकतो, असे ते म्हणू लागले. पण विरोधकांच्या कानी पहिलाच सिद्धान्त राहिला होता, आणि सेमेलवाइस यांनी स्वतः वेळेवर काही प्रसिद्धही केले नव्हते. त्यांच्या वतीने मित्रांनी लेख लिहिले. त्यांचे व्याख्यान झाले ते १८५० मध्ये, आणि त्याच वर्षी ते तडकाफडकी व्हिएन्ना सोडून हंगेरीतील पेस्टला (आजच्या बुडापेस्टचा एक भाग) निघून गेले. त्यांचा ग्रंथ १८६१ मध्ये आला. त्यानंतर त्यांनी युरोपातील नामांकित प्राध्यापकांना खुली पत्रे लिहिली आणि त्यांत विरोधकांना खुनी म्हटले.

त्यांच्या शेवटाविषयी मुलांना किती सांगावे, हा प्रश्न नाजूक होता. १८६५ मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी मनोरुग्णालयात, जखमेतून पसरलेल्या संसर्गाने त्यांचा मृत्यू झाला, इतके शिक्षिकेने सांगितले आणि तपशिलात त्या गेल्या नाहीत. या वयासाठी ते पुरेसे होते असे मला वाटते.

मग जोड्यांनी मिळून न मानणाऱ्या प्राध्यापकाला पत्र लिहायचे होते. एका जोडीचे पत्र मी जवळून पाहिले. सुरुवातीला दोन वर्षांचे आकडे होते, मग ‘आपण आपल्या वॉर्डात महिनाभर करून पाहावे’ अशी विनंती, आणि त्याखाली ‘तुम्ही खुनी आहात’ हे वाक्य. जोडीतील एकाने त्यावर रेघ मारली होती. दुसऱ्याने रेघेखाली तेच वाक्य पुन्हा लिहिले होते. पहिल्याचे म्हणणे, असे लिहिले तर ते पत्र पुढे वाचणारच नाहीत. दुसऱ्याचे म्हणणे, रोज बायका मरत असताना गोड कसे लिहायचे? शिक्षिकेने निवाडा केला नाही आणि पत्र तसेच, रेघेसह, ठेवून घेतले.

निवाडा न करणे योग्यच होते. या प्रकरणातून ‘मधुर बोलावे, म्हणजे जग ऐकते’ हा धडा काढणे फार सोपे आहे, पण तो टिकत नाही. अमेरिकेत डॉक्टर ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्येच, डॉक्टरांमार्फत बाळंतज्वर एका स्त्रीकडून दुसरीकडे जातो, असे लिहिले होते. ते सिद्धहस्त लेखक होते आणि भांडण टाळण्याकडे त्यांचा कल होता. तरीही फिलाडेल्फियातील मान्यवर प्रसूतितज्ज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. तेव्हा सेमेलवाइस यांच्या रागाने त्यांचे नुकसान केले असेल, पण केवळ रागामुळे ते हरले असे म्हणणे म्हणजे न ऐकणाऱ्यांना मोकळे सोडणे होय. ब्रिटिश शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांची जंतुनाशक शस्त्रक्रिया १८६७ मध्ये मांडली गेली आणि लुई पाश्चर यांनी बाळंतज्वराच्या रुग्णांत आढळणारे जंतू दाखवले ते १८७९ मध्ये. न दिसणारे काही हाताला चिकटते, हे पटायला ‘ते काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर हातात असावे लागते, आणि ते उत्तर यायला अजून अवकाश होता.

मुलांनी काय लिहिले

‘मी काय शिकलो’ हा प्रश्न या वेळी विचारलाच नाही. त्याऐवजी ‘तुम्हाला सर्वांत अवघड काय गेले’ असे विचारले. गर्दीचा अंदाज करणाऱ्या मुलाने लिहिले की आपला अंदाज खोडताना राग आला, आणि तो राग कागद दाखवणाऱ्या मुलीचा होता, कागदाचा नव्हता. ज्येष्ठ डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेल्या एकीने लिहिले की नकार देताना मजा येत होती आणि नंतर त्या मजेचीच भीती वाटली. काहींनी अर्थात ‘हात धुवावेत’ एवढेच लिहिले. त्यातही वावगे काही नाही.

एका वर्गावरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. दुसऱ्या तुकडीला अधिक वेळ मिळाला होता, कागद अधिक होते आणि शिक्षिकाही एका अनुभवाने शहाण्या झाल्या होत्या. फरकाचे सारे श्रेय नियमाला देणे धाडसाचे ठरेल. महिन्या-दोन महिन्यांनी या मुलांच्या वागण्यात काही उरते का, हे पाहण्याची सोयही या उपक्रमात नव्हती. तरी एवढे निश्चित म्हणता येते की पहिल्या तुकडीच्या मुलांनी ऐतिहासिक व्यक्तीविषयी लिहिले आणि दुसरीच्या अनेकांनी स्वतःविषयी.

हा नियम प्रत्येक व्यक्तीला लागू करता येणार नाही. जिच्याविषयी दंतकथा भरपूर आणि समकालीन कागद तुटपुंजे, तिच्या भेटीला मुलांना नेले तर शिक्षकाला प्रत्येक प्रश्नाला ‘नोंदवहीत नाही’ असेच म्हणावे लागेल किंवा उत्तरे रचावी लागतील, आणि रचलेली उत्तरे शिक्षकाचीच असतात. पुढील प्रवासासाठी शिक्षिकेने निवड केली आहे ती १८५४च्या लंडनची, जिथे डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडून ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाकडे बोट दाखवले. तेथे कागद मुबलक आहेत: मृतांचे पत्ते, पंपाजवळच असूनही कॉलऱ्यातून जवळपास सुटलेले मद्याच्या कारखान्यातील कामगार, आणि दूर हॅम्पस्टेडला राहूनही याच पंपाचे पाणी मागवणारी व त्यानेच दगावलेली विधवा. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, या नोंदीवर वर्गात पुन्हा जल्लोष होईल, हे गृहीत धरून शिक्षिकेने शेवटचा कागद राखून ठेवला आहे: दांडा काढण्याआधीच साथ ओसरू लागली होती, आणि हे स्नो यांनी स्वतःच नमूद केले होते.